आमचा मतदारसंघ कोठे गेला?

(मंडळाच्या पंचविसाव्या वाढदिवशी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवी इयत्तेपर्यंत. आमच्या गावची शाळाच तेवढी होती, आणि पुढे पाठवण्याचा विचार मुलीच्या बाबतीत कोणी केला नाही. आजवर दर वाढदिवसाला मी मागे चुलीपाशी असे आणि भाषणे भिंतीआडून ऐकत असे. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही वर्षभर वाचनालयातून पुस्तके नेता आहात, गुरुजींना प्रश्न विचारून भंडावता आहात, तर काय शोधून काढलेत ते आम्हालाही सांगा." तेव्हा चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

गोष्ट सुरू झाली ती गणपतीत, मोदक वळताना. स्वयंपाकघरात आम्ही तिघी होतो. मी, माझी नणंद आणि माहेरची वहिनी. वहिनी साखरप्याकडची, नणंद दिली आहे ती खाली रत्नागिरीच्या बाजूच्या गावात, आणि मी इथली. पुतणी वही घेऊन आली. तिला शाळेतून लिहून आणायला सांगितले होते: आपला विधानसभा मतदारसंघ कोणता? मी म्हटले चिपळूण. नणंद म्हणाली रत्नागिरी. वहिनी म्हणाली राजापूर. पोरगी हसायला लागली. म्हणाली, "काकू, तुम्ही तिघी एकाच तालुक्यातल्या ना? मग तिघींची तीन उत्तरे कशी?"

आणि तिन्ही उत्तरे बरोबर होती! संगमेश्वर तालुका एक, तहसीलदार एक, सातबाराचा उतारा काढायला आपण सगळ्याजणी देवरुखच्या एकाच कचेरीत जातो. पण मत देताना तालुक्याचे तीन तुकडे होतात. म्हणून तर लोक चिपळूण-संगमेश्वर म्हणतात, रत्नागिरी-संगमेश्वर म्हणतात आणि राजापूर-लांजा-साखरपा म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा असे नव्हते. तेव्हा संगमेश्वर नावाचाच मतदारसंघ होता. २००४ सालच्या निवडणुकीत मी सासूबाईंचा हात धरून मत दिले ते त्याच मतदारसंघात. २००९ साली चिठ्ठी हातात आली तर तिच्यावर चिपळूण! सासूबाई म्हणाल्या, "अगं, दुसऱ्या कोणाची चिठ्ठी दिली वाटते." तिथल्या माणसाने सांगितले, "आजी, आता असेच आहे." असेच का आहे हे त्यालाही ठाऊक नसावे. मलाही ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर पुढे कित्येक वर्षे मी विचारलेही नाही.

विचारावेसे वाटले ते साकवामुळे. मंडळातल्या जुन्या बायकांना हे ठाऊक आहे, पण नव्या सुनांसाठी सांगते. आपल्या वाडीच्या आणि पलीकडच्या वाडीच्या मधून पऱ्या वाहतो. शाळा पलीकडे. पावसाळ्यात पऱ्या भरला की पोरे घरी. मंडळाने साकवासाठी अर्ज केला. एका कचेरीतून उत्तर आले की पलीकडचे टोक दुसऱ्या महसूल मंडळात जाते, म्हणजे दुसऱ्या मतदारसंघात. आमदाराचा निधी आपल्या मतदारसंघाबाहेर घालता येत नाही. बरे, म्हणून आम्ही चौघी यष्टीने दुसऱ्या कचेरीत गेलो. तिथे सांगितले, अलीकडचे टोक आमच्यात येत नाही. साकवाला टोके दोन असायचीच! एका टोकाचा साकव कोणी बांधला आहे का? चार पावसाळे असेच गेले. शेवटी दोन्ही ग्रामपंचायतींचे ठराव एकाच पाकिटात घालून ते जिल्हा परिषदेकडे पाठवले तेव्हा काम झाले. त्या दिवसांत मला कळले की ही नकाशावरची रेघ कागदावर राहत नाही, ती आपल्या पोरांच्या पायाखाली येते. ती आखतो तरी कोण, आणि कशावरून, हे तेव्हापासून मनात होते.

तर आता मागून सुरुवात करते.

आपला प्रांत पूर्वी मुंबई इलाखा होता, आणि त्यात सिंधसुद्धा होता. १९३६ च्या एप्रिलमध्ये सिंध वेगळा झाला. त्याआधी कराचीकडचे सभासद आणि आपल्या रत्नागिरीचे सभासद मुंबईच्या एकाच कौन्सिलात बसत. बायकांना मताचा हक्क या इलाख्यात १९२१ साली मिळाला. हे वाचून मला प्रथम फार आनंद झाला. मग पुढची ओळ वाचली. हक्क होता तो मालमत्ता असणाऱ्यांना. आपल्या घरांतल्या किती बायकांच्या नावावर तेव्हा जमीन होती? आज तरी किती आहे, हा प्रश्न मी इथे विचारीत नाही. बाहेर पुरुषमंडळी बसली आहेत.

१९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताची विधानसभा झाली आणि तिची निवडणूक १९३७ साली झाली. जागा १७५. पण त्या आजच्यासारख्या नुसत्या गावांच्या नव्हत्या, माणसांच्या जातीच्या आणि धंद्याच्याही होत्या. सर्वसाधारण ११४, त्यांत १५ दलित वर्गांसाठी राखीव आणि ७ मराठ्यांसाठी राखीव. मुसलमानांच्या २९ वेगळ्या. युरोपियनांच्या ३, हिंदी ख्रिस्ती लोकांच्या ३, अँग्लो-इंडियनांच्या २, व्यापार-उद्योगवाल्यांच्या ७, मजुरांच्या ७, जमीनदारांच्या २, विद्यापीठाची १, मागासलेल्या टोळ्यांची १. आणि बायकांच्या ६, त्यांतली एक मुसलमान बायकांची. म्हणजे एकाच गावात शेजारी-शेजारी राहणारी दोन माणसे दोन निरनिराळ्या मतदारसंघांत असू शकत. मत कोणाला? जो सारा भरतो, भाडे भरतो, शिकलेला आहे त्याला. बाई लिहितावाचता येणारी असली तर तिला, किंवा पुरेशी मालमत्ता असलेल्याची बायको वा विधवा असली तर तिला. माझ्या आजेसासूबाईंना यांतले काहीच लागू नव्हते.

त्या सभेतली एक हकीकत मला फार लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली निवडून आले ते मुंबई शहरातून, भायखळा-परळच्या भागातून. पण त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी सभेत बिल मांडले ते कोणाचे? आपल्या कोकणातल्या कुळांचे, खोती बंद करण्याचे. १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. ते बिल तेव्हा पास झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यानंतर. पण रत्नागिरीच्या शेताचा प्रश्न परळच्या मतदारसंघातून गेला हे ध्यानात ठेवा. कारण परळच्या गिरणीत उभा असलेला माणूस आपल्याच घरचा होता. पुढे मी जे सांगणार आहे त्याचे मूळ इथेच आहे.

स्वराज्यानंतर १९५२ साली पहिली निवडणूक झाली, एकवीस वर्षांवरच्या सगळ्यांना मत. मुंबई राज्याच्या विधानसभेच्या जागा ३१५. त्यांत गुजराती जिल्हे, कानडी जिल्हे आणि आपण, सगळे होतो. वेगवेगळी जातवार यादी गेली, पण काही मतदारसंघ दोन माणसांचे होते: एक जागा राखीव, एक खुली, आणि मतदाराला मते दोन.

या निवडणुकीची गोष्ट मी आजेसासूबाईंच्या तोंडून ऐकली आहे. माझे लग्न झाल्यावर पाच-सहा वर्षे त्या होत्या. यादीसाठी नावे लिहायला माणूस आला तेव्हा त्याने आधी त्यांचे नाव विचारले, ते त्यांनी सांगितले. मग त्याने नवऱ्याचे नाव विचारले. आता ते कसे घ्यायचे? उखाणा घालायला तो काही लग्नाचा मांडव नव्हता! शेवटी शेजारचा पोरगा ओरडून नाव सांगून गेला. आम्ही या गोष्टीला पोट धरून हसत असू. पण पुढे पुस्तकात वाचले तेव्हा हसू राहिले नाही. देशात त्या वेळी सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावे यादीतून गळली. कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच सांगितले. त्यांत उत्तरेकडच्या प्रांतांतल्या बायका फार होत्या. आजेसासूबाईंनी स्वतःचे नाव सांगितले म्हणून त्यांचे मत वाचले. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे, पेटीवर चित्र, आणि कोरी मतपत्रिका आपल्याला हव्या त्या पेटीत टाकायची. पेट्या बघून त्यांना धान्याच्या कणग्या मांडल्यासारख्या वाटल्या होत्या.

त्यानंतर आठ वर्षांत आपल्या राज्याचा नकाशा दोनदा बदलला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा, विदर्भ, सौराष्ट्र, कच्छ हे सगळे मुंबई राज्यात आले, आणि बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार तिकडे म्हैसूर राज्यात गेले. बेळगावचे दुःख सांगत बसले तर संध्याकाळ पुरणार नाही. १९५७ च्या निवडणुकीत या द्विभाषिकाच्या जागा ३९६ होत्या. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती, आणि राजापूरच्या लोकसभा मतदारसंघातून बॅरिस्टर नाथ पै निवडून आले. मग १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. भाऊ वेगळे निघाले की भांडी मोजतात तशा जागा वाटल्या गेल्या, महाराष्ट्राला २६४ आणि गुजरातला १३२. बेरीज करून पाहा, बरोबर ३९६ येतात. १९६१ साली दोन माणसांचे मतदारसंघ कायद्याने बंद झाले, तेव्हापासून एक मतदारसंघ, एक आमदार. १९६७ साली जागा २७० झाल्या, १९७८ साली २८८. तो २८८ चा आकडा आजही तसाच आहे.

आता इथे जरा लक्ष द्या, कारण आपला मतदारसंघ इथे गेला.

२८८ जागा ठरल्या त्या १९७१ च्या खानेसुमारीवरून. तेव्हा महाराष्ट्रात माणसे पाच कोटी चार लाख. म्हणजे एका जागेला पावणेदोन लाख माणसे. त्या वेळी सिंधुदुर्ग वेगळा झाला नव्हता, तो १९८१ साली झाला. अखंड रत्नागिरी जिल्ह्यात जवळजवळ वीस लाख माणसे होती, म्हणून जागा अकरा. ठाणे जिल्ह्यात सुमारे तेवीस लाख, म्हणून जागा तेरा. म्हणजे आपण आणि ठाणे, दोघी जावा जवळजवळ बरोबरीच्या! तेव्हाचे क्रमांकही सावंतवाडीपासून सुरू होत. सावंतवाडी पहिली, आणि आमचा संगमेश्वर पहिल्या दहांत.

पुढे १९७६ साली घटनादुरुस्ती झाली, की जागांचे आकडे आता २००० सालानंतरच्या खानेसुमारीपर्यंत हलवायचे नाहीत. कारण असे, की जी राज्ये कुटुंबनियोजन नीट करतील त्यांची माणसे कमी होणार, आणि माणसे कमी झाली म्हणून त्यांच्या जागा गेल्या तर शहाणपणाची शिक्षाच झाली. मला हे पटले. २००१ साली पुन्हा दुरुस्ती होऊन ही मुदत २०२६ सालानंतरच्या पहिल्या खानेसुमारीपर्यंत लांबवली. महाराष्ट्राच्या २८८ ला धक्का नाही.

पण गंमत अशी की थांबवले ते राज्याराज्यांतले. राज्याच्या आत जिल्ह्याजिल्ह्यांत वाटणी नव्याने करायची होतीच. त्यासाठी २००२ साली न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली मंडळ नेमले गेले, आणि २००३ च्या दुरुस्तीने ठरले की ही वाटणी २००१ च्या खानेसुमारीवर करायची. आता आपण वाढपिणीच्या नजरेने पाहू. पंगत वाढली, पण मोदक २८८ च. २००१ साली महाराष्ट्राची माणसे नऊ कोटी अडुसष्ट लाखांवर. भागाकार मी तीनदा केला, दोनदा चुकला. तिसऱ्यांदा गुरुजींनी तपासला. एका जागेला तीन लाख छत्तीस हजार माणसे. रत्नागिरी जिल्हा सतरा लाखांना थोडा कमी: भागा, पाच येतात. पूर्वी सात होत्या, पाच राहिल्या. सिंधुदुर्ग पावणेनऊ लाखांच्या आत. चाराच्या तीन झाल्या. आणि ठाणे? एक्याऐंशी लाख! तेराच्या चोवीस. आमची बरोबरीची जाऊबाई तिप्पट झाली.

रत्नागिरीतले दोन गेले ते खेड आणि संगमेश्वर. सिंधुदुर्गात मालवण आणि वेंगुर्ला ही नावे गेली, कुडाळ आणि कणकवली आली. लोकसभेचा राजापूर मतदारसंघ, नाथ पै आणि मधू दंडवते यांच्या नावांशी जोडलेला, तोही गेला, रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. एकट्या संगमेश्वर तालुक्यात तीन लाख छत्तीस हजार माणसे भरत नाहीत, म्हणून आपली मंडळे शेजारच्या तिघांच्या ताटात वाढली गेली. आता क्रमांक नंदुरबारकडच्या अक्कलकुव्यापासून सुरू होतात आणि आपण शेवटी आलो आहोत: चिपळूण २६५, रत्नागिरी २६६, राजापूर २६७.

या माणसांचे झाले काय? ठाण्याकडे जी माणसे वाढली ती काही आभाळातून पडली नाहीत. तुमच्या घरून एक, माझ्या घरून एक, असे मोजून पाहा. माझे चुलतसासरे परळच्या चाळीत राहत. गिरणीत होते. १९८२ चा संप झाला, गिरणी पुढे बंदच पडली, मुलांनी चाळीतली खोली दिली आणि एक डोंबिवलीला गेला, एक नालासोपाऱ्याला. २००८ च्या नव्या नकाशात मुंबई शहराच्याही सतराच्या दहा जागा राहिल्या, आणि त्यांचा परळ नावाचा मतदारसंघसुद्धा गेला. ते फोनवर म्हणाले, "सूनबाई, तुमचा संगमेश्वर गेला, माझे परळ गेले, आपण दोघे सारखेच." आणि नवे मतदारसंघ कोणते झाले? डोंबिवली, नालासोपारा. म्हणजे आमच्या घरची पोरे गेली तिथे जागा गेली.

यात अन्याय झाला असे मी म्हणत नाही. नालासोपाऱ्यात आमची पुतणसून पहाटे पाचला पाण्याचे हंडे भरते, तिलाही कोणी आमदार हवाच की. माणूस जिथे राहतो तिथे त्याची मोजणी व्हावी, हे सरळ आहे. आणि याच वाटणीत एक जुनी चूकही निस्तरली. बौद्ध झालेल्या लोकांना अनुसूचित जातींचे हक्क १९९० साली मिळाले, त्यामुळे २००१ च्या मोजणीत ते धरले गेले आणि राखीव जागा अठराच्या एकोणतीस झाल्या. अनुसूचित जमातींच्या बावीसच्या पंचवीस. ही गोष्ट चांगली झाली.

माझे म्हणणे एवढेच आहे, की गावात मागे कोण राहते याचा कोठे हिशोब नाही. २००१ साली आपल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११३६ बायका होत्या. देशात बहुतेक ठिकाणी उलटे असते. आपल्याकडे बायका जास्त, कारण पुरुष मुंबईला. शेत आम्ही बघतो, म्हाताऱ्यांची दुखणी आम्ही काढतो, पऱ्यात वाहून जाणारे पोर आम्ही धरतो. २०११ साली तर जिल्ह्याची माणसे आणखी घटून सोळा लाख पंधरा हजारांवर आली. पुढच्या वाटणीत पाचाचे किती राहतील हे गणित तुम्हीही करू शकता. डोंगराची वाट आणि पऱ्या मात्र तेवढेच राहतात. मुंबईत मतदारसंघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होतो. इथे एका मतदारसंघात खाडीही येते आणि घाटाचा पायथाही.

आणखी एक, आणि यात चूक आपली आहे. मंडळाने आधी मसुदा प्रसिद्ध केला होता. हरकती मागवल्या होत्या, लोकांचे ऐकण्यासाठी बैठकीही होत्या. एकदा अंतिम हुकूम निघाला की त्याविरुद्ध कोर्टातही जाता येत नाही, असा कायदा आहे. म्हणजे बोलायची वेळ तेवढीच. त्या दिवसांत आपले महिला मंडळ काय करीत होते ते मी जुन्या इतिवृत्ताच्या वहीत पाहिले. भोंडला झाला, तिळगूळ समारंभ झाला, कुळथाच्या पिठाची विक्री झाली. हरकतीचा एक अक्षर कागद नाही. मीच तेव्हा वही लिहीत असे, म्हणून दुसऱ्या कोणाला नावे ठेवत नाही. निदान पऱ्या कोणत्या बाजूला धरा एवढे जरी लिहून पाठवले असते!

आता पुढचे. २०२३ साली १०६ वी घटनादुरुस्ती झाली. तिच्यात असे लिहिले आहे की त्यानंतरची खानेसुमारी होऊन मतदारसंघ नव्याने आखले गेले की लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखायच्या. २८८ चे तीन भाग केले तर ९६. १९३७ च्या १७५ मध्ये सहा होत्या. त्या ९६ कोणत्या असतील, त्यांत आपले नाव कोणत्या मतदारसंघाखाली असेल, हे ठरते ते नकाशा आखताना. म्हणून या वेळी कागद लवकर मागवायचा असे कार्यकारिणीने ठरवले आहे. आपल्या आसपासची कोणती गावे सध्या कोणत्या मतदारसंघात आहेत, याची यादी पुतणीने सुरेख अक्षरात लिहिली आहे. ती समाजमंदिराच्या फळ्यावर लावली आहे. जाताना बघून जा. आपले गाव चुकीच्या रकान्यात दिसले तर मला सांगा, मला रागवू नका. तीन रकाने करताना माझीही दोनदा गफलत झाली.

एक घरची गोष्ट सांगते आणि बसते. माझा मुलगा दोन वर्षांमागे डोंबिवलीला नोकरीला लागला. त्याचे नाव अजून इथल्या यादीत आहे. गणपतीत आला की म्हणतो, "आई, माझे नाव इथेच राहू दे, मतदानाला मी यष्टी धरून येईन." गुरुजी म्हणतात, कायद्याने माणूस जिथे राहतो तिथेच त्याचे नाव हवे. सुनेने तर तिथल्या अर्जाचा कागदसुद्धा भरून ठेवला आहे. तिला तिथल्या नळाच्या पाण्यासाठी मत द्यायचे आहे, आणि तिचे काही चुकते असे मला वाटत नाही. इथून एक नाव कमी झाले की काय होते ते सगळे शोधून काढून मीच आज तुम्हाला सांगितले. तरी त्या अर्जावर सही कर असे त्याला सांगायला माझी जीभ रेटत नाही. कागद देव्हाऱ्यामागे ठेवला आहे. तो शिमग्याला येईल तेव्हा बघू.

 मागे घावन तयार आहेत. गार होण्याआधी चला.